बोललेलं लिहिणार कोण? व्हीएलसी, एआय सबटायटल्स आणि नानीचं बळद

माझ्याकडे नानीचा एक व्हिडिओ आहे. २०११चा. मामूच्या मुलीच्या लग्नाला सगळं खानदान नांदेडला जमलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आडवे झाल्यावर मी नानीला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि हँडीकॅम सुरू केला. एक्केचाळीस मिनिटं ती बोलली. मागे भांडी घासण्याचा आवाज आहे, मधूनच एक कोंबडा आरवतो. विषय होता पोलीस अ‍ॅक्शनचा. सप्टेंबर १९४८मध्ये ती बारा वर्षांची होती आणि कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात राहत होती. त्याआधी तिनं हे कुणाला इतकं सलग सांगितलं नव्हतं, नंतरही सांगितलं नाही. २०१४मध्ये ती गेली.

गेल्या वर्षी अम्मीनं तो व्हिडिओ पाहायला मागितला. अम्मीला आता फार कमी ऐकू येतं. कानात मशीन घालते, पण टीव्ही-मोबाइलचा आवाज तिला नुसता गलका वाटतो. समोर बसून बोललं, तर ती ओठांवरून बरंच समजून घेते. व्हिडिओत मात्र नानीनं सवयीप्रमाणे पदराचं टोक तोंडाशी धरलंय. ओठ दिसतच नाहीत. अम्मीनं दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, “अम्माँ दिख रई, सुना नै आ रई.”

सबटायटल्सचा विचार माझ्या डोक्यात तिथून आला.

जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या लास वेगसला इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं वार्षिक प्रदर्शन भरलं होतं. तिथं व्हिडिओलॅन या फ्रेंच संस्थेनं आपल्या व्हीएलसी प्लेअरचा एक नवा प्रयोग दाखवला. व्हिडिओ लावायचा, प्लेअर स्वतःच बोलणं ऐकणार, खाली अक्षरं उमटवणार, हवं तर दुसऱ्या भाषेत भाषांतरही करून देणार. या सगळ्याला इंटरनेट लागणार नाही. जे काही होईल ते तुमच्याच संगणकात. व्हीएलसीची डाउनलोडसंख्या सहा अब्जांच्या पुढे गेल्याचंही तेव्हाच जाहीर झालं.

व्हीएलसी म्हणजे तो नारंगी-पांढऱ्या शंकूवाला प्लेअर. सायबर कॅफेच्या जमान्यात ज्यानं कधी पेन ड्राइव्हमधून सिनेमा आणला असेल, त्याला हा शंकू ठाऊक आहे. कुठलीही फाइल टाका, चालते. पण तो आला कुठून, हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पॅरिसजवळ ‘एकोल सांत्राल’ नावाचं अभियांत्रिकीचं जुनं महाविद्यालय आहे. तिथल्या वसतिगृहातलं संगणकांचं जाळं विद्यार्थी स्वतः चालवत. नव्वदच्या दशकात ते जाळं जुनाट आणि संथ झालं होतं. पोरांना वेगवान जाळं हवं होतं, आणि खरं कारण अभ्यास नव्हतं, गेम खेळणं होतं. महाविद्यालयानं पैशासाठी उद्योगांकडे जायला सांगितलं. एका मोठ्या कंपनीनं कल्पना सुचवली की प्रत्येक खोलीसाठी वेगळी डिश बसवण्यापेक्षा एकच मोठी तबकडी लावा आणि उपग्रहावरून येणारं टीव्हीचं चित्र जाळ्यातून खोल्याखोल्यांत पोहोचवा. १९९६मध्ये काम सुरू झालं. चित्र पाठवणारा सर्व्हर आणि ते घेणारा क्लायंट अशी दोन टोकं होती. त्यातलं ‘व्हिडिओलॅन क्लायंट’ म्हणजेच आजचं व्हीएलसी. १९९८मध्ये सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहिलं गेलं आणि १ फेब्रुवारी २००१ रोजी महाविद्यालयानं ते जीपीएल या खुल्या परवान्याखाली द्यायला संमती दिली. म्हणजे कुणीही वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. अट एवढीच की बदललेलं पुढे वाटलं, तर तेही तसंच खुलं ठेवा. आणि शंकू? जाळं चालवणाऱ्या पोरांनी रस्त्यावरचे शंकू जमा करून ठेवले होते म्हणे. त्यामागे याहून थोर अर्थ नाही.

संस्थेचे अध्यक्ष जाँ-बाप्तिस्त केम्फ यांनी जाहिराती घुसवण्यासाठी आलेल्या मोठाल्या रकमा नाकारल्याचं जाहीरपणे सांगितलंय. भारतात मात्र या प्लेअरच्या वाट्याला एक विचित्र प्रसंग आला. २०२२च्या सुरुवातीला व्हिडिओलॅनचं संकेतस्थळ देशात बंद झालं. ना नोटीस, ना कारण. संस्थेनं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं कायदेशीर नोटीस धाडली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उघडलं. मधल्या काळात लोकांनी प्लेअर इकडून-तिकडून मिळवला. खुल्या सॉफ्टवेअरचा तोच फायदा असतो, एक दार लावलं तरी प्रत दुसरीकडे असतेच.

आता पडद्यावरच्या अक्षरांकडे येतो, कारण त्यांचा इतिहास प्लेअरहून बराच जुना आहे.

मूकपटांत प्रसंगांच्या मधोमध मजकुराच्या पाट्या येत. मुंबईच्या मूकपटांत त्या दोन-तीन, कधी चार लिप्यांत असत. इंग्रजी, गुजराती, देवनागरी, उर्दू. थिएटरात ज्याला वाचता येई तो शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवी. हा गोंगाट म्हणजे एका अर्थानं आपली पहिली सबटायटल्स होती, फक्त उलट्या दिशेनं: अक्षरांतून आवाजाकडे. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पडदा बोलू लागला आणि पाट्या गेल्या. निरक्षरांना सिनेमा मिळाला. बहिऱ्यांचा गेला. इतिहासाच्या पुस्तकांत बोलपटाचं स्वागत भरभरून असतं, या दुसऱ्या वाक्याला तिथं जागा नसते.

अमेरिकेत एमरसन रोमेरो नावाचा क्यूबात जन्मलेला नट होता. स्वतः बहिरा. मूकपटांत त्यानं कामं केली होती, बोलपट आल्यावर तीही गेली आणि प्रेक्षक म्हणूनही तो बाहेर फेकला गेला. १९४७मध्ये त्यानं स्वतःच जुन्या बोलपटांच्या रिळांत पुन्हा मजकुराच्या पाट्या जोडायला सुरुवात केली आणि त्या फिती बहिऱ्यांच्या संस्थांना दाखवायला दिल्या. कारागिरी ओबडधोबड होती, पण वाट त्यानं दाखवली. १९५८मध्ये तिथं बहिऱ्यांसाठी मजकूर जोडलेले सिनेमे पुरवण्याचा कायदा झाला. १९८०मध्ये टीव्हीवर हवी तेव्हा दिसणारी, नको तेव्हा लपणारी अक्षरं आली. यूट्यूबवर नोव्हेंबर २००९मध्ये आपोआप उमटणारी अक्षरं सुरू झाली, त्यामागे केन हॅरेनस्टीन हा इंजिनिअर होता. तोही बहिरा. हे तंत्र कुणाच्या गरजेतून आलं, ते या दोन माणसांवरून कळतं.

आपल्याकडे ब्रिज कोठारी यांनी १९९६पासून वेगळाच धागा धरला. गाणं ज्या भाषेत आहे त्याच भाषेतली ओळ खाली द्यायची, म्हणजे गुणगुणता गुणगुणता लोक वाचायला शिकतील. आधी गुजरातीत, मग ‘चित्रहार’मध्ये तो प्रयोग झाला. आमच्या घरात ‘चित्रहार’ चुकत नसे. अम्मी उर्दू माध्यमातून सातवीपर्यंत शिकलेली. देवनागरीत ती सरावली ते या ओळींमुळे, असं ती स्वतः सांगते.

इथवर जी अक्षरं होती ती माणसांनी बसून लिहिलेली होती. संगणकावरची सबटायटल फाइलसुद्धा किती साधी असते पाहा. ‘एसआरटी’ नावाची ती फाइल नोटपॅडमध्ये उघडते. आत अनुक्रमांक, कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत ती वेळ, आणि खाली ओळ. बस्स. व्हिडिओचं आणि तिचं नाव एकच ठेवलं आणि दोन्ही एका फोल्डरमध्ये ठेवलं, की व्हीएलसी ती आपोआप उचलतो. जगभरच्या हौशी पोरांनी रात्री जागून अशा लाखो फायली बनवल्या. इराणी सिनेमा मी याच लोकांच्या मेहरबानीनं पाहिला.

यंत्रानं ऐकून लिहिण्याचा प्रयत्नही जुनाच. १९७०च्या दशकात आयबीएममध्ये फ्रेडरिक जेलिनेक यांच्या गटानं व्याकरणाचे नियम शिकवण्याचा नाद सोडला आणि शक्यतांचा हिशेब मांडला: या आवाजानंतर, या शब्दामागून, कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त? ऐंशीच्या दशकात त्यांनी वीस हजार शब्द ओळखणारं यंत्र बनवलं. त्याला नाव दिलं टँगोरा, हे एका अतिवेगवान टंकलेखकाचं आडनाव. ऑफिसची पत्रं सांगून लिहून घेणं हे त्याचं काम. म्हणजे यंत्र पहिल्यापासून साहेबाची भाषा शिकलं, कारण साहेबाची भाषा कागदावर होती. जे आधी लिहिलं गेलंय त्याच्या जोरावर यंत्र पुढचं ऐकतं. ही गोष्ट आजही तशीच आहे, फक्त कागदाचा ढीग अफाट वाढलाय.

सप्टेंबर २०२२मध्ये ओपनएआयनं व्हिस्पर नावाचं मॉडेल खुलं केलं. इंटरनेटवरून गोळा केलेला ६,८०,००० तासांचा आवाज आणि त्याचा मजकूर यावर ते शिकवलेलं होतं. संकेतावली आणि तयार मॉडेल दोन्ही मोफत दिलं. शिकवायला वापरलेली सामग्री मात्र दाखवली नाही. काही आठवड्यांतच बल्गेरियाच्या गेओर्गी गेर्गानोव्ह या प्रोग्रामरनं ते साध्या संगणकावर चालेल असं नव्यानं लिहून काढलं. आधी महागडं कार्ड लागायचं, आता घरातला लॅपटॉप पुरू लागला. व्हीएलसीचा प्रयोग याच कामावर उभा आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या एफएफएमपेग ८.० मध्येही व्हिस्परची सोय थेट आत बसवली आहे. हे एफएफएमपेग म्हणजे बहुतेक खुल्या प्लेअरांच्या पोटातलं इंजिन.

हे सगळं घरातल्या घरात होणं माझ्यासाठी सोयीपुरतं नव्हतं. नानी ज्या दिवसांबद्दल बोलते, त्यांच्यावर नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती १९४८च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात पाठवली होती. रझाकारांनी आधी केलेले अत्याचार आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर मुसलमानांची झालेली कत्तल, दोन्ही त्या अहवालात येतात. मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आमचं नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं दाबून राहिला. अशा काळातली घरच्या बाईची जबानी कुठल्याशा कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर चढवायची, तर बोट थबकतंच. त्यावर कोण काय करेल, कुठला तुकडा कापून कुठं फिरवेल, याची धास्ती आम्हाला जरा जास्तच असते. प्लेअर माझ्याच लॅपटॉपवर ऐकणार असेल आणि नेट बंद असेल, तर ती धास्ती उरत नाही.

म्हणून एका रविवारी वायफाय बंद करून असंच एक मोफत साधन लावलं. त्याचं नाव देत नाही, अशी आता डझनभर आहेत आणि थोड्याफार फरकानं सगळी सारखीच वागतात.

पहिला प्रश्न यंत्रानंच टाकला: भाषा कुठली?

ही मॉडेलं आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करतात, आवाजाचं चित्र बनवतात, आधी भाषा ठरवतात आणि मग त्या भाषेत एकेक अक्षरखंड मांडत जातात. भाषा ठरली की लिपीही ठरली. आमच्या घराची पंचाईत इथंच. जुन्या हिंदी सिनेमांत सुरुवातीला नाव तीन लिप्यांत झळकायचं, इंग्रजी, देवनागरी आणि उर्दू. पुढचे अडीच तास जे ऐकू यायचं ते मात्र एकच असायचं, ज्याला जे नाव द्यायचं ते द्या. पडदा तीन पाट्या लावून मोकळा झाला. यंत्राला एक निवडावी लागते. आपोआप ओळखायला सांगितलं, तर नानीच्या एकाच वाक्यप्रवाहाला ते कधी हिंदी म्हणायचं, कधी उर्दू.

व्हिस्परच्या शोधनिबंधाला जोडलेला भाषावार तक्ता पाहिला की याची थोडी कल्पना येते. इंग्रजी सोडून बाकी ९६ भाषांचं लिखित रूपासह ध्वनिमुद्रण मिळून १,१७,००० तासांचं. त्यात हिंदीचे बारा तास, उर्दूचे शंभराहून अधिक, आणि मराठीचा एक तासही पुरा नाही. हिंदी बोलणं आणि समोर इंग्रजी भाषांतर अशी सामग्री मात्र पाच हजार तासांच्या वर. म्हणजे आपलं बोलणं इंग्रजीत काय होतं हे त्याला जास्त शिकवलं गेलं, ते आपल्या अक्षरांत कसं लिहायचं हे कमी. नंतरच्या आवृत्त्यांत सामग्री पुष्कळ वाढली आणि मराठीही सुधारली. पण तक्त्यात एक नाव आधीही नव्हतं आणि आताही नाही. दखनीचं.

नानी दखनी बोलायची. मराठवाड्यातल्या बहुतेक मुसलमान घरांत आजही हीच बोलली जाते आणि जनगणनेच्या वेळी ‘उर्दू’ म्हणून लिहून दिली जाते. हिचा इतिहास लहान नाही. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहानं ‘किताब-ए-नौरस’ हिच्यात लिहिली, गोवळकोंड्याच्या मुहंमद कुली कुतुबशहानं कविता रचली, औरंगाबादच्या वलीनं दिल्लीला शायरीची दिशा दाखवली. ग्रियर्सननं भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात तिची नोंद केली. त्याच सर्वेक्षणात १९१३ ते १९२९ दरम्यान हिंदुस्थानातल्या बोलींच्या दोनशेहून अधिक ग्रामोफोन तबकड्याही मुद्रित झाल्या. आज एआयवाले करतात तेच काम, फक्त मेणावर. मग दखनी पुस्तकांतून उठली आणि घरात जाऊन बसली. मदरशात, शाळेत, मुशायऱ्यात तिला ‘बिगडी हुई उर्दू’ म्हणतात. आम्हीही म्हणत आलो.

पण तिच्या प्रत्येक वाक्यात या मातीचा पुरावा आहे. ‘नक्को’ मराठीतून आलं. ‘मैंच’, ‘उनोंच’ यातला जोर देणारा ‘च’ मराठीचा. ‘लोगाँ’, ‘बाताँ’, ‘औरताँ’ ही अनेकवचनं हिची स्वतःची. आणि भूतकाळात ‘ने’ लावायची हिला गरज वाटत नाही. ‘उसने छुपाया’ नाही, ‘वो छुपाई’.

आता नानीचं एक वाक्य पाहा. गावात हल्ला झाला त्या रात्रीबद्दल ती म्हणते:

“पाटलीनबाई हमना बळद में छुपाई. उप्पर से जवारी के पोते रक्खी.”

ज्यांनी बळद पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या वाड्यांत धान्य साठवायची बंद खोली असते, तोंड वरच्या बाजूला. तिथून धान्य ओतायचं. पाटलीणबाईंनी नानीला, तिच्या आईला आणि धाकट्या भावाला त्यात उतरवलं आणि तोंडावर ज्वारीची पोती रचली. दोन रात्री ते आत होते.

हिंदी निवडल्यावर यंत्रानं लिहिलं: “पाटिल भाई हमने बदल में छुपाई, ऊपर से जवानी के पोते रखी.”

आधी मी हसलो, मग पुन्हा वाचलं. पाटलीणबाईंचे पाटीलभाई झाले. बळद गेलं. पोत्यांचे नातू झाले. हे एक वेळ सोडा. पण ‘हमना’ म्हणजे ‘आम्हाला’. त्याचं ‘हमने’ झालं, म्हणजे ‘आम्ही’. जिनं लपवलं तिच्या हातून क्रियापद निसटलं. जिच्यामुळे माझी अम्मी जन्माला आली, आणि मग मी, ती बाई एका मात्रेनं वाक्यातून बाहेर. आजपासून पन्नास वर्षांनी कुणा संशोधकाच्या हाती नुसती ही फाइल लागली, तर तो काय समजेल?

उर्दू निवडली. उर्दू लिपी फक्त अम्मीलाच झरझर वाचता येते, मला अडखळत. तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला. तिनं दोन मिनिटं वाचलं. ‘हमना’ जाऊन ‘हमें’ आलं होतं, ‘लोगाँ’चं ‘लोगों’ झालं होतं, ‘नक्को’च्या जागी ‘नहीं’. अम्मी म्हणाली, “अम्माँ इत्ती साफ उर्दू कबसे बोलने लगी?”

मराठी निवडली तेव्हा तर गंमतच. ‘बळद’ बरोबर आलं! उर्दूत ळ नाही, प्रमाण हिंदीत नाही, मराठीला तो मिळाला. मात्र ‘छुपाई’चं ‘लपवलं’ झालं, ‘हमना’चं ‘आम्हाला’. अर्थ नीट लागला होता. फक्त ती नानी नव्हती, कुणीतरी दुसरीच बाई तिची हकीकत सांगत होती.

तीन भाषांच्या तीन फायली झाल्या आणि प्रत्येकीत नानी थोडी थोडी होती. दखनीत मराठी शब्द येतो तो उसना म्हणून येत नाही, घरचा म्हणून येतो. यंत्राला मात्र दर तीस सेकंदांना एकाच घराचा पत्ता लागतो.

सतराव्या मिनिटाला आणखी एक गोष्ट झाली. नानी गावाबाहेरच्या बावडीबद्दल सांगत असते. “औरताँ...” म्हणते आणि थांबते. अकरा सेकंद काही बोलत नाही. पदर डोळ्यांकडे जातो. भांडी वाजत राहतात. हिंदीच्या फाइलमध्ये त्या अकरा सेकंदांसाठी लिहून आलं होतं: “देखने के लिए धन्यवाद.”

हा दोष अभ्यासकांना माहीत आहे. शांतता आली की ही मॉडेलं कधी कधी स्वतःच काहीतरी रचतात. यूट्यूबसारख्या व्हिडिओंच्या शेवटी जे वाक्य हमखास असतं, तेच शांततेवर चिकटतं. २०२४मध्ये अमेरिकी संशोधकांनी व्हिस्परची तपासणी केली, तेव्हा सुमारे एक टक्का नमुन्यांत बोलणाऱ्यानं न उच्चारलेली वाक्यं सापडली होती. बोलताना जास्त थांबणाऱ्या, वाचादोष असलेल्या लोकांच्या नमुन्यांत ती जास्त होती. एक टक्का ऐकायला कमी वाटतो. पण तो कुणाच्या वाट्याला येतो ते पाहा. जी थांबत थांबत बोलतात त्यांच्या. आणि आठवणी सांगताना न थांबणारं म्हातारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

याला उपाय नाहीत असं नाही. मद्रास आयआयटीच्या एआय४भारत गटानं आकाशवाणीच्या बातमीपत्रांतून बारा भारतीय भाषांची ६,४०० तासांहून अधिक सामग्री काढून खुली केली आहे. त्यात मराठी आहे, उर्दूही आहे. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर कुणीही वाक्यं वाचून आपला आवाज देऊ शकतो. ही कामं मोलाचीच. मात्र बातमीपत्रातली मराठी ही निवेदकाची मराठी, आणि वाचून दाखवलेलं वाक्य हे लिहिलेलंच वाक्य. नानीसारखी माणसं ना निवेदक होती, ना त्यांना वाचता येत होतं. त्यांचं बोलणं यंत्रापर्यंत पोहोचायचं, तर आधी कुणीतरी ते जसंच्या तसं उतरवलं पाहिजे. तेवढी फुरसत आम्ही आमच्या बोलीसाठी कधी काढली? मीसुद्धा व्हिडिओ चौदा वर्षं हार्ड डिस्कमध्ये ठेवून निवांत होतो. यंत्रानं चुकीचं लिहिलं तेव्हा मला राग आला. माझ्या न लिहिण्याचा राग कधी आला नव्हता.

यंत्राचं एक ऋण मात्र मानतो. वेळा त्यानं अचूक मांडल्या होत्या. कुठल्या सेकंदाला नानी बोलते, कुठं थांबते, हे सगळं आयतं. नुसतं हे हातानं करायला महिना गेला असता. मजकूर पुसायचा, वेळा ठेवायच्या आणि ओळी नव्यानं भरायच्या, असं मी ठरवलं.

आता रोज मगरिबनंतर आम्ही बसतो. मी हेडफोन लावून एक वाक्य ऐकतो, मग अम्मीकडे तोंड करून तसंच्या तसं बोलतो. ती माझे ओठ वाचते. कधी मान हलवते, कधी म्हणते, “अम्माँ ऐसा नै बोलती थी, वैसा बोलती थी,” आणि बहुतेक वेळा पुन्हा ऐकल्यावर तिचंच बरोबर निघतं. न ऐकता. दखनीला ठरलेलं शुद्धलेखन नाही, त्यामुळे वाद होतात. ‘हौ’ की ‘हाव’, ‘नक्को’ की ‘नको’, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. एक प्रत देवनागरीत माझ्या मुलांसाठी. दुसरी उर्दू लिपीत अम्मी स्वतः वहीत लिहिते, नंतर मी बोटानं शोधत शोधत टाइप करतो. ‘बळद’ उर्दूत कसं लिहायचं, हे तिनं दोन दिवस ठरवलं नाही. शेवटी ‘ल’ लिहून त्याच्या डोक्यावर स्वतःची एक छोटी खूण काढली. ती खूण कुठल्याच कीबोर्डवर नाही.

सतराव्या मिनिटाच्या त्या अकरा सेकंदांची ओळ मी पुसली. तिथं काय लिहायचं, असं अम्मीला विचारलं. ‘रोती है’ लिहू का?

“कुच नक्को लिख,” ती म्हणाली.

एकोणतीस मिनिटं झाली आहेत, बारा बाकी आहेत. त्यातल्या दीडेक मिनिटावर कोंबडा बसलाय.